बोटांचा खेळ म्हणणाऱ्यांस

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या मार्केट यार्डाजवळील एका शाळेत पालकसभा भरली होती. शाळेचे नाव मी सांगणार नाही. मी स्वतः मास्तर आहे, आणि आपणच आपल्या पोटावर पाय आणावा इतका मी शूर नाही. सभेला बोलावलेले वक्ते वयाने आणि वजनाने भारदस्त होते. त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितले की, मारामारीचे जे व्हिडिओ गेम आजची मुले खेळतात त्यांत डोके बंद असते आणि फक्त बोटे चालू असतात. आमच्या काळी मुले तालमीत जात, मातीत घुमत, बुद्धिबळाचा पट मांडत. आताची पिढी बटणे बडवते. टाळ्या पडल्या. आयांनी माना डोलावल्या. आभार मानणाऱ्यांनी 'डोळ्यांत अंजन घालणारे विचार' हे ठरलेले शब्द वापरले, आणि चहाबरोबर सभा संपली.

त्या टाळ्यांत माझ्याही दोन टाळ्या होत्या. त्या परत घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

घडले ते असे. सभेनंतर दोनच दिवसांनी, नववीच्या चित्रकलेच्या तासाला, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर मोबाइल ठेवून काहीतरी पाहत असलेला मला दिसला. याचे वडील यार्डातल्या गूळ-भुसार विभागात पोती उचलतात. मुलगा गणितात काठावर पास होणारा, इंग्रजीत काठाच्या अलीकडे राहणारा. वक्त्यांचे शब्द माझ्या कानांत अजून घुमतच होते. मी मोबाइल हिसकावून घेतला. पडद्यावर दोन रंगीत मल्ल एकमेकांना लाथा मारीत होते.

"काय पाहतोस रे?"

"कालची मॅच, सर. त्या रिपेअरिंगच्या गाळ्यात खेळतो ना आम्ही, तिथली."

"जिंकलास वाटतं?"

"नाही सर, हरलो. कुठं हरलो ते बघतोय."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि मोबाइल कपाटात टाकून कुलूप लावले. पण ते वाक्य काही कुलपात राहिले नाही. इतकी वर्षे मी मुलांच्या वह्या तपासतो आहे. गुण वाढवून मागायला मुले आली, आईबाप आले, एकदा एक नगरसेवकही आला. पण आपण कुठे चुकलो ते पाहायचे आहे म्हणून उत्तरपत्रिका मागणारा विद्यार्थी माझ्याकडे कधी आला नव्हता. संध्याकाळी मी मोबाइल परत दिला आणि म्हटले, "दाखव बघू, कुठं हरलास ते."

त्याने दाखवले. खाली पडल्यावर उठता उठता उसळून ठोसा मारायची त्याला सवय होती. समोरच्याने पहिल्या दोन वेळा तो ठोसा खाल्ला. तिसऱ्या वेळेपासून तो काहीच करीना; नुसता बचाव धरून उभा राही. याचा ठोसा हवेत जाई, हा क्षणभर उघडा पडे, आणि मग तो याला फोडून काढी. "मी पडलो की काय करणार ते त्याला माझ्याआधी माहीत होतं, सर," मुलगा म्हणाला.

डोके बंद आणि बोटे चालू म्हणतात ते हेच का?

ज्या वाचकांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी त्याचे गुपित थोडक्यात सांगतो. त्याच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत: ठोसा, बचाव आणि पकड. ठोशाला बचाव अडवतो. बचाव धरून बसलेल्याला पकड उचलून आपटते. आणि पकडायला आलेल्याला ठोसा आधी लागतो. तिघांपैकी सर्वांत श्रेष्ठ असे कोणीच नाही. जो नेहमी मारतो तो हरतो, जो नेहमी अडवतो तोही हरतो. त्यात आणखी मेख अशी की, उभ्याने धरलेला बचाव पायावरच्या फटक्याला चालत नाही आणि बसून धरलेला बचाव डोक्यावर उतरणाऱ्या फटक्याला चालत नाही. म्हणजे बचाव करणाऱ्यालाही दर वेळी वर की खाली हे ठरवावेच लागते.

आता काळाचा हिशेब पाहा. मी चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मला तो चटकन समजला. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकतात. चपळ ठोसा चार-पाच चित्रांत लागतो. पण डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधराएक चित्रे लागतात. याचा अर्थ, तो ठोसा पाहून अडवणे मनुष्यदेहाला शक्यच नाही. तो येण्यापूर्वी ओळखावा लागतो. आणि ओळखायचा कशावरून? समोरच्याच्या सवयीवरून, त्याच्या भीतीवरून, मघाशी लागलेल्या मारामुळे त्याला आलेल्या रागावरून. बोटांची मजल जिथे संपते तिथून पुढे हा खेळ सुरू होतो, आणि आमचे वक्ते त्याला बोटांचा खेळ म्हणतात!

तालमीचा दाखला त्यांनी दिला, म्हणून तालमीतच जाऊ. पुण्यात चिंचेची तालीम आहे, गोकुळ वस्ताद तालीम आहे. तिथल्या कोणाही जाणत्या वस्तादाला विचारा. सलामी झाल्याबरोबर डावावर तुटून पडतो तो कच्चा गडी. मुरलेला मल्ल आधी खडाखडी करतो, मनगट चाचपतो, मान दाबून पाहतो. पटात शिरण्याची हूल देतो आणि समोरचा किती वाकतो, कोणत्या पायावर भार घेतो, हे मनात टिपून ठेवतो. दोनदा हूल, तिसऱ्यांदा पट. किंवा पटाच्या धाकाने वाकलेल्याची मान धरून निराळाच डाव. प्रत्येक डावाला तोड आहे आणि तोडीलाही तोड आहे, हे तालमीतले पहिले ज्ञान. त्या पोराने मला मोबाइलवर जे दाखवले ते याहून वेगळे काय होते?

खाशाबा जाधवांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावेच. पण १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते, हे आपण सांगत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा, तांबड्या मातीत वाढलेला हा गडी गादीवरच्या कुस्तीला सरावलेला नव्हता. चार वर्षांनी, १९५२ साली, त्याच गड्याने हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधली चार वर्षे नुसत्या जोरबैठकांनी भरून निघाली असतील असे मला वाटत नाही. आपण कुठे हरलो ते पाहिल्याखेरीज सहावा गडी तिसरा होत नसतो.

राहिले बुद्धिबळ. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची छाती फुगली. माझीही फुगली. बुद्धिबळाची खोली या खेळाला आहे असा दावा मी करणार नाही. पण बुद्धिबळात आळीपाळीने चाल करायची असते. समोरच्याने प्यादे सरकवले की ते दिसते, मग आपण विचार करायचा. इथे दोघांची चाल एकाच वेळी पडते. समोरचा काय करणार हे न दिसता आपली चाल द्यायची, ही विद्या निराळी आहे, आणि ती हलकी नाही.

मला हे सारे कोणी नव्याने शिकवले असेही नाही. मी ते विसरलो होतो, एवढेच. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ काढला, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या गल्लीबोळांतल्या अंधाऱ्या गाळ्यांत त्याची यंत्रे येऊन बसली. रुपयाचे नाणे टाकायचे. जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल. अडत्याचा मुलगा आणि हमालाचा मुलगा खांद्याला खांदा लावून त्या यंत्रापुढे उभे राहत. बाहेर पहिल्याचा बाप दुसऱ्याच्या बापाला अरेतुरे करी. आत मात्र कोणाचा बाप कोण हे यंत्र विचारीत नसे. मी मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. पण समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा ठाव घेण्याची जी थोडीफार सवय मला कादंबऱ्या लिहिताना उपयोगी पडते, तिची पहिली फी मी त्या गाळ्यात रुपया-रुपयाने भरली आहे. मास्तर झालो, चष्मा लागला, आणि तीच सवय मुलांत दिसली तेव्हा मी तिला कुलूप लावले!

जगात या खेळाचे काय झाले तेही थोडे ऐका. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत जपानचा दायगो उमेहारा अमेरिकेच्या जस्टिन वाँगविरुद्ध खेळत होता. उमेहाराच्या मल्लाची शक्ती इतकी संपली होती की, मागे सरून बचाव धरला असता तरी फटक्यांच्या झिजेने तो मेला असता. वाँगने पंधरा लाथांचा आपला सर्वांत मोठा डाव टाकला. त्या खेळात एक अवघड युक्ती आहे: फटका पोचण्याच्या नेमक्या क्षणी मागे न दाबता पुढे दाबले तर तो संपूर्ण झेलला जातो, क्षण चुकला तर मरण. उमेहाराने पंधराच्या पंधरा लाथा झेलल्या, आणि उलट मारून ती लढत जिंकली. डाव सुरू झाल्यावर पहिली लाथ झेलायला जवळजवळ वेळच नसतो. तो येणार हे त्याने आधीच ओळखले होते. त्या वर्षीचे त्या खेळाचे अजिंक्यपद त्याला मिळाले नाही. अंतिम सामना दुसऱ्याच एका जपानी खेळाडूने जिंकला. पण आज वीस वर्षांनंतरही लोक त्या पंधरा लाथाच पाहतात.

२०१९ साली लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने 'टेकेन' या खेळाच्या दोन मोठ्या स्पर्धा, एक जपानात आणि एक अमेरिकेत, एकाच वर्षी जिंकल्या. तोवर कोरिया आणि जपानच्या धुरंधरांना पाकिस्तानात हा खेळ कोणी मन लावून खेळत असेल याची कल्पनाही नव्हती. लाहोरच्या गाळ्यांत त्यांच्यासारखेच आणखी गडी आहेत हे कळल्यावर कोरियाचा नामांकित खेळाडू नी स्वतः उठून पाकिस्तानात सरावाला गेला. आणि ज्यांना हा केवळ चपळ कोवळ्या बोटांचा खेळ वाटतो त्यांच्यासाठी शेवटचा दाखला: २०२३ साली चीनमधल्या हांगझौ येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' मध्ये सुवर्णपदक मिळवणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे माझ्याच पिढीचा. बोटांचा खेळ असता तर विशीतल्या पोरांनी त्याला पहिल्याच फेरीत घरी धाडला असता.

आता कोणी म्हणेल, पण ती हिंसा! ते रक्त! काही खेळांत ते किळसवाणे असते हे खरे, आणि ते लहानांपुढे ठेवू नये या मताचा मी आहे. पण ज्या घरात रात्री नऊ वाजता मालिकेतली सासू सुनेच्या दुधात काहीबाही कालवताना सारे कुटुंब जेवत जेवत पाहते, त्या घराने पडद्यावरच्या ठोशाचा धसका घ्यावा, हा कांगावा आहे. कोणी म्हणेल, अभ्यासाचे तास जातात, डोळे बिघडतात, अंगाला माती लागत नाही. हे आक्षेप खरे आहेत. ते मी मान्य करतो. मुलाने मातीतही खेळावे आणि रात्री वेळेवर झोपावे. पण 'जास्त खेळू नकोस' हे एक म्हणणे झाले आणि 'हा खेळच मूर्खांचा आहे' हे दुसरे. पहिले म्हणायला प्रेम पुरते. दुसरे म्हणण्यापूर्वी माहिती असावी लागते, आणि आमच्या वक्त्यांपाशी ती नव्हती.

माझा खरा राग मात्र निराळ्याच गोष्टीवर आहे, आणि ती सांगायला मला पुन्हा यार्डात यावे लागेल. शेतमालाच्या बाजारात पूर्वी हत्ता नावाची एक पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. त्याला रुमाल तेवढा दिसे. आत काय ठरले आणि आपल्याला काय सांगितले, याचा मेळ घालण्याची त्याला सोय नव्हती. म्हणून नियमन केलेल्या बाजारांत ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणावा लागला. उघड लिलावातही डावपेच असतातच. कोण शेवटपर्यंत गप्प राहतो, कोण उगाच तोंड फिरवून निघाल्यासारखे करतो, हे पहाटे यार्डात जाऊन पाहा. आमच्या त्या विद्यार्थ्याला कोणता व्यापारी बोली वाढवण्यापूर्वी कान खाजवतो हेही पाठ आहे. पण तिथे डाव खेळणारा डोळ्यांसमोर असतो, आणि बोली सर्वांना ऐकू येते.

मारामारीचा खेळ हा उघड लिलाव आहे. दोघांची शक्ती दोघांना दिसते, घड्याळ दोघांना दिसते, नियम दोघांना सारखे. झाकलेला असतो तो फक्त समोरच्याचा मनसुबा. उलट रमी, पत्ते आणि पैजा यांची जी दुकाने मोबाइलमध्ये थाटली गेली, ती रुमालाखालचा सौदा होती. समोर माणूस आहे की यंत्र हे माहीत नाही. पत्ते कोणी पिसले हे माहीत नाही. शंभर रुपये घालवलेल्याला आणखी पाचशे घालावेसे का वाटते याचा हिशेब मात्र दुकानदाराने आधीच करून ठेवलेला. तिथे मुलगा खेळत नसतो, त्याच्याशी कोणीतरी खेळत असतो. या दुकानांच्या जाहिराती चित्रपटांतल्या नटांनी आणि क्रिकेटच्या वीरांनी वर्षानुवर्षे केल्या. तेव्हा टेबलावर मुठी आपटणारे हे वक्ते कोणत्या गावाला गेले होते?

शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे अशा पडद्यावरच्या स्पर्धात्मक खेळांना, त्यांपासून वेगळे काढले. जो भेद दिल्लीला कळला तो आमच्या पालकसभेला कळू नये, याचे मला नवल वाटते. अर्थात मुंबईतला गोंधळही काही कमी नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैत विधान परिषदेत बसलेल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा पट दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बाजूला सारत होतो, असे त्यांनी सांगितले; ते आपण खरे धरू. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे कृषिखाते काढून त्यांना क्रीडाखाते देण्यात आले. हा विनोद माझा नव्हे, सरकारचा आहे.

मारामारीचे खेळ विकणाऱ्या कंपन्या काही धर्मशाळा चालवीत नाहीत, हे मला माहीत आहे. नवा मल्ल हवा, पैसे टाका. त्याला नवा अंगरखा हवा, पैसे टाका. तिथेही मुलाला सावध केले पाहिजे. पण सावध कोण करणार? ज्याने खेळ पाहिला आहे तोच. सरसकट सगळ्याला 'मोबाइलचे वेड' म्हणून मोकळे होणाऱ्या बापाचे मुलगा ऐकत नाही, कारण बापाला काही ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असते. अशा बापाचा मुलगा उद्या उघड लिलाव सोडून रुमालाखाली हात घालील, तेव्हा त्याला अडवायला घरात कोणी उरलेले नसेल.

म्हणून मी शाळेपुढे एक साधी सूचना मांडली. महिन्यातून एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, एक जुना संगणक आणि दोन रिमोट. जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल. मात्र उठलेल्याने पुन्हा रांगेत लागण्यापूर्वी आपण कुठे हरलो ते वहीत चार ओळींत लिहायचे. सूचना फेटाळली गेली. मास्तरने मुलांना मारामारी शिकवू नये, असे मला लेखी कळवण्यात आले. ते पत्र मी जपून ठेवले आहे. वही मात्र त्या मुलाने स्वतःच घातली आहे. परवा त्याने ती मला दाखवली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत. पण 'मी घाबरलो म्हणून मारले' असे एक वाक्य त्यात आहे, आणि तसे वाक्य मला माझ्या कादंबरीतल्या नायकाच्या तोंडी घालायला तीन प्रकरणे खर्चावी लागली होती.

शेवटी त्या भारदस्त वक्त्यांना या दिवाळीनिमित्त एक आमंत्रण देतो. भाऊबीज झाली की पहिल्या रविवारी त्यांनी यार्डामागच्या त्या रिपेअरिंगच्या गाळ्यात यावे. मी दाराशी उभा राहीन. त्यांनी त्या मुलापुढे बसून फक्त पाच डाव खेळावेत. ते पाचही हरतील, त्यात लाज नाही, मीही हरतो. पण पाचवा डाव हरण्यापूर्वी आपण चौथा का हरलो हे त्यांना सांगता आले, तर हा खेळ डोक्याचा आहे हे त्यांनी कबूल करावे. आणि सांगता आले नाही, तर डोके कोणाचे बंद होते हे त्यांचे त्यांनीच ठरवावे. यायचा-जायचा रिक्षाखर्च माझा, आणि नंतरचा चहाही माझाच.